जळालेली टिपणे आणि आठवलेले गाव

२४ एप्रिल १९७०. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, स्टॅनफर्ड येथील वर्तनशास्त्रांच्या एका अध्ययन केंद्रात अज्ञात व्यक्तींनी आग लावली. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाने त्या काळात अमेरिकी विद्यापीठे धुमसत होती. आगीत ज्या अभ्यासिकांची राख झाली, त्यांतील एक दिल्लीहून आलेल्या प्राध्यापकाची होती. त्याचे नाव मैसूर नरसिंहाचार श्रीनिवास.

त्या अभ्यासिकेत एका गावाविषयीची टिपणे होती. अठरा वर्षे निवडून, नीट लावून, पुन्हा पुन्हा लिहून काढलेली. त्यांच्या एकूण तीन प्रती होत्या आणि दुर्दैव असे की तिन्ही त्याच खोलीत होत्या. श्रीनिवास तेथे गेले होते ते त्या टिपणांवरून ग्रंथ लिहिण्यासाठीच.

सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव होते ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’, म्हणजे ‘आठवलेले गाव’. भारतीय समाजशास्त्रातील हे बहुधा सर्वाधिक प्रेमाने वाचले गेलेले पुस्तक. पण जो ग्रंथ टिपणांशिवाय, आठवणींच्या आधारे लिहिला गेला, त्याला संशोधन म्हणावे का? गुणात्मक संशोधन म्हणजे नेमके काय, हा रूक्ष वाटणारा प्रश्न या दीर्घ थ्रेडमध्ये त्या आगीच्या निमित्ताने पाहू.

प्रथम शब्दाविषयी. किती माणसे, किती एकर, किती टक्के, हे मोजते ते संख्यात्मक संशोधन. माणसे आपल्या जगण्याचा अर्थ कसा लावतात, एखादा व्यवहार घडतो तो कसा आणि का, हे जवळून पाहून, ऐकून, वाचून समजून घेते ते गुणात्मक संशोधन. मुलाखत, निरीक्षण, जीवनकथा, कागदपत्रांचे बारकाईने वाचन ही त्याची साधने. ‘गुणात्मक म्हणजे गप्पा मारणे आणि मग निबंध लिहिणे’ असा एक गोड गैरसमज महाविद्यालयांत आजही आढळतो. श्रीनिवासांची कहाणी त्याला पुरेसे उत्तर आहे.

श्रीनिवासांचा जन्म १९१६ साली मैसूर शहरात, तमिळभाषक अय्यंगार ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्या घरामागे काही पावलांवर बंडीकेरी नावाची वस्ती होती. खेड्यातून शहरात आलेल्या धनगर, म्हणजे कुरुब कुटुंबांची ती वस्ती. तेथले अन्न, भाषा, भांडणे, देवधर्म सारेच निराळे. आयुष्यातील पहिला सांस्कृतिक धक्का आपल्याला तेथे, घराच्या मागच्या बाजूलाच बसला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. परक्या समाजाच्या शोधात मानववंशशास्त्रज्ञ समुद्र ओलांडून जात, त्या काळातील ही नोंद आहे.

पदवीनंतर ते मुंबई विद्यापीठात आले. तेथे समाजशास्त्राचे प्रमुख होते मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये संस्कृतचे पंडित. त्यांच्या अभ्यासाचा कणा ग्रंथांचा होता. मात्र विद्यार्थ्यांना ते गावोगाव, समाजासमाजांत पाठवीत. इरावती कर्वे त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. श्रीनिवासांनी घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली कूर्ग, म्हणजे आजच्या कोडगू भागातील कोडव समाजाचा अभ्यास करून भलामोठा प्रबंध सिद्ध केला.

१९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना कूर्गच्याच माहितीकडे नव्या प्रश्नासह पाहायला लावले. ही चाल कोठून आली यापेक्षा तिचे समाजाच्या एकसंधपणात कार्य काय, हा तो प्रश्न. टिपणे तीच राहिली, प्रश्न बदलला, आणि निराळा ग्रंथ तयार झाला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातून ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा रूढ झाली. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार स्वीकारून आपले स्थान उंचावू पाहतात, या प्रक्रियेला दिलेले हे नाव.

हा तपशील लक्षात ठेवावा, कारण आगीच्या प्रसंगी तो पुन्हा लागेल. टिपणे स्वतःहून काही बोलत नाहीत. कोणता प्रश्न घेऊन त्यांच्यापाशी जावे, यावर ती काय सांगतील हे ठरते.

आता पद्धतीकडे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ या वर्षांत, पोलंडमध्ये जन्मलेले ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रिअँड बेटांवर तंबू ठोकून राहिले. दुभाष्यामार्फत प्रश्न विचारून परतण्याची तेव्हाची रीत त्यांनी सोडली. तिथली भाषा शिकून, रोजच्या जगण्यात वावरून, दिसेल ते लिहून ठेवायचे, असा त्यांचा आग्रह होता. १९२२ मधील त्यांच्या ग्रंथाने ही पद्धत प्रतिष्ठित केली. तिला सहभागी निरीक्षण म्हणतात.

श्रीनिवासांना ऑक्सफर्डमध्ये भारतीय समाजशास्त्राचे व्याख्यातेपद मिळाले, तेव्हा इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांना पहिले वर्ष क्षेत्रकार्यासाठी मोकळे दिले. १९४८ सालाचा बहुतांश काळ श्रीनिवास जुन्या मैसूर संस्थानातील एका गावी राहिले. लिखाणात त्यांनी गावाला ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले. १९५२ च्या उन्हाळ्यात ते तेथे पुन्हा गेले.

हेच गाव का? पाठ्यपुस्तकांत ‘नमुना निवड’ नावाचे प्रकरण असते आणि तेथे सारे अगदी नीटनेटके दिसते. रामपुराच्या निवडीत शास्त्राइतकाच ओढीचाही भाग होता. त्यांच्या पूर्वजांचे गाव त्याच परिसरात होते आणि तेथे त्यांच्या घराण्याची ओळख होती. गाव रस्त्यावर होते, अनेक जाती एकत्र नांदत होत्या, वस्ती सुमारे दीड हजार, म्हणजे एका माणसाच्या आवाक्यातली. श्रीनिवासांनी हे सारे मोकळेपणाने सांगून टाकले. गुणात्मक संशोधनाचा आराखडा प्रामाणिक असतो तो असा: निवड का केली हे सांगावे, मग तिचे परिणाम वाचकाला तपासता येतात.

परिणाम लगेच दिसू लागले. राहायला जागा मिळाली ती गावच्या पटेलाच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाच्या, बैलघरात. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला ऑक्सफर्डचा व्याख्याता. जागा मोक्याची होती. गावातले तंटे, मजुरीचे व्यवहार, पाहुणेरावळे सारे त्या अंगणातून जाई. पण ते अंगण पटेलाचे होते.

तो काळही साधा नव्हता. धान्याची टंचाई होती, नियंत्रित वाटप आणि सरकारी धान्यवसुली सुरू होती. जमीन किती, पीक किती, घरात माणसे किती, असे विचारणाऱ्या शहरी माणसाकडे शेतकरी कशा नजरेने पाहील, हे सांगायला नको. म्हणून पहिला काळ विश्वास संपादन करण्यात जातो. संशोधनाच्या वेळापत्रकात हा काळ ‘वाया गेला’ असा दिसतो, प्रत्यक्षात पुढचे सारे त्यावर उभे राहते.

श्रीनिवासांच्या हाती कॅमेरा असे. गावकऱ्यांनी ‘कॅमेरा’चे ‘चामर’ केले. चामर म्हणजे देवावर किंवा राजावर ढाळायची चवरी. त्यामुळे हा मनुष्य चामरवाला ठरला. निरीक्षण करायला आलेल्याचेच निरीक्षण चालू होते. त्यांच्या दाढी-स्नानाच्या क्रमावरही पटेलाचा आक्षेप होता. आधी स्नान आणि मग दाढी, हे ब्राह्मणाला शोभते काय? आधुनिक विचारांच्या श्रीनिवासांना ब्राह्मणपणाची मातब्बरी वाटत नसेल, गावाला मात्र ते आधी ब्राह्मण होते, जमीनदार घराण्यातले होते, आणि संशोधक वगैरे त्यानंतर.

येथे या पद्धतीचा गाभा आहे. सर्वेक्षणाचे साधन प्रश्नावली. ती कोणीही घेऊन गेले तरी प्रश्न तेच राहतात. सहभागी निरीक्षणात साधन म्हणजे स्वतः संशोधक. त्याची जात, लिंग, वय, स्वभाव, भूक, कंटाळा यांसकट. तो कोण आहे यावर कोणती दारे उघडतील हे ठरते.

जी दारे उघडली, त्यांतून काय दिसले? तोवर जातींचे चित्र बहुधा ग्रंथांतून येई. चार वर्ण, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. श्रीनिवासांनी याला ‘ग्रंथदृष्टी’ म्हटले आणि तिच्यासमोर ‘क्षेत्रदृष्टी’ ठेवली. जिन्याचे वरचे आणि खालचे टोक गावात ओळखता येत होते, मधल्या पायऱ्या मात्र कोणालाही निश्चित सांगता येत नव्हत्या. प्रत्येक जात स्वतःला शेजारच्या जातीपेक्षा वर मानी आणि त्यासाठी पुरावे देई: कोण कोणाकडचे पाणी घेतो, कोण कोणाकडे जेवतो, कोण मांस खातो.

सर्वांत चमत्कारिक उदाहरण लोहार-सुतार-सोनारांचे. ते स्वतःला विश्वकर्मा ब्राह्मण म्हणवीत, जानवे घालीत. पण त्या भागात अस्पृश्य मानले गेलेले होलेयासुद्धा त्यांच्या हातचे अन्नपाणी घेत नसत. जनगणनेच्या कोष्टकात अशी जात एका रकान्यात बसते. तिचे खरे स्थान काय, हा प्रश्न रकान्यात मावत नाही, कारण उत्तर कोणाला विचारले यावर ते अवलंबून आहे.

दुसरा शोध अधिक दूरगामी ठरला. विधींमध्ये ब्राह्मण सर्वांत वर, हे खरे. पण गावाचा कारभार चालवीत होते ओक्कलिग शेतकरी. जवळपास निम्मे गाव त्यांचे, जमिनीचा मोठा हिस्सा त्यांचा, इतर जातींचे तंटेही त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे मिटत. संख्या, जमीन आणि सत्ता एकवटलेल्या अशा जातीला श्रीनिवासांनी ‘प्रभुत्वशाली जात’ म्हटले. ‘व्होट बँक’ हा आज प्रत्येक निवडणुकीत कानावर आदळणारा शब्दप्रयोगही त्यांच्या १९५५ च्या सुमाराच्या लेखनातून आला, असे मानले जाते. महाराष्ट्राच्या राजकारणातील मराठा वर्चस्वाची चर्चाही अभ्यासक अनेकदा याच संकल्पनेच्या आधारे करतात.

एका गावावरून एवढे मोठे विधान? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले होते. महालनोबिसांच्या प्रभावाने देशाला आकड्यांची भूक लागली होती. १९५७ मध्ये लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी तर गाव हे अभ्यासाचे एकक मानणेच चुकीचे ठरवले. जात आणि नातेसंबंध गावकुसाबाहेर पसरतात, गाव पाहून काय कळणार, असा त्यांचा सवाल होता. तो पोकळ नव्हता. लग्ने, बाजार, देवस्थाने गावाबाहेरच असतात.

पण एका गावाचा अभ्यास ‘भारतात इतके टक्के असे घडते’ हे सांगण्यासाठी नसतोच. तो यंत्रणा दाखवतो: सत्ता कशी चालते, दर्जा कसा भांडून मिळवतात. ती यंत्रणा दुसरीकडे आहे का, हे मग इतरांनी तपासायचे असते. संकल्पना तेथून प्रवास करते, टक्केवारी नव्हे.

एका गावाचा अभ्यास काळातही मागे-पुढे जाऊ शकतो. पुण्याजवळच्या लोणीकंदचे वर्णन १८२० च्या सुमारास टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने करून ठेवले होते. ज्यांना ‘खुर्चीतले पंडित’ म्हणून हिणवले जाई, त्या घुर्यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. जुने गुणात्मक वर्णन हाताशी होते म्हणूनच सव्वाशे वर्षांतील बदल पाहता आला.

आता पुन्हा स्टॅनफर्डला जाऊ. ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: श्रीनिवासांची सारी टिपणे जळाली आणि त्यांनी निव्वळ स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिले. हे अर्धसत्य आहे. क्षेत्रात लिहिलेली मूळ टिपणे दिल्लीत सुरक्षित होती. जळाली ती प्रक्रिया केलेली टिपणे.

हा फरक किरकोळ वाटेल, परंतु या पद्धतीतील निम्मे कष्ट त्यात आहेत. गावात रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेली वही ही घटनांच्या क्रमाने जाते. सकाळी बांधावरून भांडण, दुपारी कोणाच्या घरी बारसे, संध्याकाळी पावसाविषयी तक्रार. तिच्यातून अभ्यास व्हायचा तर प्रत्येक नोंद उचलून विषयवार लावावी लागते: जमीन, नातेसंबंध, तंटे, विधी, ऋण. एकाच भांडणाची नोंद चार ठिकाणी जाते. मग दिसू लागते की बांधाचे भांडण खरे तर दोन वर्षांपूर्वीच्या मोडलेल्या सोयरिकीचे होते. एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहावे लागते. आजचे विद्यार्थी याला ‘कोडिंग’ म्हणतात आणि संगणकावर करतात. श्रीनिवासांनी हे काम, अध्यापन आणि विभाग उभारणीच्या धबडग्यात, अठरा वर्षे केले होते. राख झाली ती त्याची.

त्या निराशेच्या काळात शिकागोचे मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी सुचवले की आठवणीतून लिहावे. यापूर्वी असे काही घडलेच नव्हते असे नाही. एडमंड लीच यांची ब्रह्मदेशातील काचिन समाजाविषयीची टिपणे आणि छायाचित्रे दुसऱ्या महायुद्धात गमावली. तरीही १९५४ चा त्यांचा ग्रंथ मानववंशशास्त्रात अभिजात मानला जातो. श्रीनिवास लिहायला बसले.

आणि काहीतरी निराळेच उमटले. कोष्टके गेली, माणसे उरली. पटेल, त्याचा प्रतिष्ठित मित्र, संशोधकाला मदत करता करता स्वतःचाही लाभ पाहणारा चतुर सहायक, ही माणसे एखाद्या कादंबरीतल्यासारखी हिंडू-बोलू लागली. मैत्री, मत्सर, उपहास, दिलेला शब्द मोडणे यांना सामाजिक सिद्धान्ताच्या ग्रंथात क्वचितच जागा मिळते. येथे ती मिळाली. लेखकही लपून राहिला नाही. टिपणे शाबूत असती तर पुस्तक अधिक भक्कम झाले असते आणि बहुधा कमी वाचले गेले असते.

टीकाही तशीच झाली. १९७८ मध्ये ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ या नियतकालिकाने या एका ग्रंथाच्या चर्चेला विशेष अंक दिला. गाव फार गुण्यागोविंदाने नांदताना दिसते, संघर्ष मवाळ झाला आहे, आठवणीने कडा बोथट केल्या आहेत, असे आक्षेप आले.

सर्वांत गंभीर उणीव मात्र आगीने निर्माण केलेली नव्हती, आणि ती मान्य करण्याचा प्रामाणिकपणा श्रीनिवासांनी स्वतः दाखवला. त्यांनी पाहिलेले गाव हे वरच्या जातींच्या नजरेतून दिसणारे गाव होते. पटेलाच्या बैलघरात राहणाऱ्या ब्राह्मण पाहुण्याला दलित वस्तीत मनमोकळे वावरता आले नाही. पुरुष असल्याने आणि गावची रीत पाळावी लागत असल्याने स्त्रियांचे जगही बव्हंशी बंदच राहिले. तिन्ही प्रती वाचल्या असत्या तरी त्यांतून हे निघाले नसते. ते कधी लिहिलेच गेले नव्हते.

याच सुमारास मानववंशशास्त्रालाही असाच चटका बसला होता. मालिनोव्स्कींच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली. सहभागी निरीक्षणाचा हा आचार्य ज्यांच्यात राहिला त्यांच्यावर रोजनिशीत चिडत, कंटाळत, त्यांना तुच्छ लेखत होता. तेव्हापासून संशोधकाने स्वतःचे स्थान उघड करणे हा पद्धतीचाच भाग मानला जाऊ लागला. श्रीनिवास त्यासाठी एक सुंदर रूपक वापरीत. संशोधक त्रिज असतो: पहिला जन्म स्वतःच्या समाजात, दुसरा परक्या समाजाला आतून समजून घेताना, आणि तिसरा त्या नव्या नजरेने आपल्याच समाजाकडे वळताना. द्विजत्वाच्या कल्पनेवर बेतलेले हे रूपक आहे, हेही नजरेआड करू नये.

बैलघराच्या अंगणातून जे दिसले नाही, ते पाहायचे तर साधन, म्हणजे माणूस, बदलावा लागतो. महाराष्ट्रात ते घडले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊ लागल्या, तेव्हा लिखित साधनांत त्या स्त्रिया अगदी तुरळक सापडत होत्या. सभांचे वृत्तान्त होते, पुढाऱ्यांची नावे होती. सभेला बायका आणणारी, ठराव मांडणारी, घरचा विरोध पत्करून बाहेर पडणारी बाई बहुधा ‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती’ एवढ्या वाक्यात संपत होती.

म्हणून त्या दोघी वृद्ध झालेल्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांचे ऐकले. साधन होते मुलाखत, आणि ती घेणाऱ्या दोघी त्याच चळवळीतल्या. येथेही भिस्त स्मरणावरच होती. फरक एवढाच की रामपुराच्या बाबतीत आठवत होता संशोधक. येथे आठवत होत्या त्या स्त्रिया, आणि संशोधकांचे काम त्या आठवणी कागदपत्रांशी आणि एकमेकींशी ताडून पाहण्याचे होते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्यात चळवळीच्या इतिहासाबरोबर या स्त्रियांच्या मुलाखतीही आहेत, प्रत्येकीच्या नावासह.

(थ्रेड समाप्त)